‘ज्यूंनी त्यांचं असं काय केलं होतं?’ – मुलाच्या प्रश्नावरून काढलेला धागा

जुनी_वही (धागाकर्ती)

मुलगा नववीत आहे. इतिहासाला नाझीवाद आणि हिटलरचा उदय असा धडा आहे. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो मोठ्याने वाचत होता, मी मेथी निवडत ऐकत होते. छळछावण्यांपाशी आल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "आई, पण ज्यूंनी त्यांचं असं काय केलं होतं?"

मी म्हटलं, काही नाही.

"काहीच नाही कसं? उगाच कोणी साठ लाख माणसं मारेल का?"

मग जे आठवलं ते सांगत गेले. जर्मनी पहिलं महायुद्ध हरली, व्हर्सायचा तह झाला, पैशाची किंमत गेली, बेकारी वाढली, लोकांच्या मनात राग होता, तो ज्यूंवर निघाला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण त्यांच्यावरच का? आणि राग आला म्हणून दुकानं फोडतील. लहान मुलांना गाडीत भरून कशाला नेतील?"

इथे मी अडकले. इतकी वर्षं हा शब्द, हे आकडे कानावर आहेत, पण या प्रश्नाला मी कधी नीट भिडलेच नव्हते. चार ओळींचं उत्तर मला नको आहे. ज्यांनी वाचलंय, ज्यांनी तिकडच्या जागा पाहिल्यात, त्यांनी सविस्तर लिहा. पुढच्या रविवारी उत्तर देईन असं मुलाला कबूल केलंय.

रानवारा

चांगला विषय, ताई. मी लहानपणापासून ऐकत आलोय ते असं, की हिटलरच्या आईवर एका ज्यू डॉक्टरने उपचार केले, ती वाचली नाही, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात राग बसला. शिवाय व्हिएन्नाच्या चित्रकलेच्या शाळेत त्याला प्रवेश मिळाला नाही, तिथले परीक्षक ज्यू होते म्हणे. त्याचा आजोबाच ज्यू होता असंही कुठेतरी वाचलंय. खरंखोटं जाणकारांनी सांगावं.

तळेकाठ

रानवारा, मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. हे तीन प्रश्न दर वर्षी यायचे, तेव्हा आधी तेच बाजूला करू.

त्या डॉक्टरांचं नाव एडुआर्ड ब्लॉख. लिंट्स गावात त्यांचा दवाखाना होता. क्लारा हिटलर १९०७ च्या डिसेंबरात स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. मुलाने त्या डॉक्टरांबद्दल कृतज्ञताच दाखवली होती. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया घशात घातल्यावर तिथल्या ज्यूंची जी दशा झाली तिच्यातून ब्लॉख यांना वेगळं ठेवलं गेलं, आणि १९४० मध्ये ते अमेरिकेला जाऊ शकले. ज्या माणसापासून द्वेष सुरू झाला असं आपण म्हणतो, त्यालाच त्याने हात लावला नाही.

चित्रकलेच्या अकादमीने १९०७ आणि १९०८ अशी दोनदा पाठ फिरवली हे खरं. पण ज्यूद्वेषाचं मूळ त्या नकारात आहे असं दाखवणारा पुरावा नाही. आजोबांची गोष्ट हान्स फ्रांक या नाझी अधिकाऱ्याने फाशीआधी तुरुंगात लिहिलेल्या आठवणींतून पसरली. तिला दुजोरा देणारा एकही कागद आजवर सापडलेला नाही.

आणखी एक गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगायचो. पहिल्या महायुद्धात हिटलरला पहिल्या श्रेणीचा लोहक्रॉस मिळाला, तो नंतर तो आयुष्यभर मिरवत होता. त्या पदकासाठी त्याची शिफारस करणारे लेफ्टनंट हुगो गुटमान ज्यू होते.

पण समजा, आईची आणि अकादमीची गोष्ट खरी निघाली असती, तरी तिने काय उलगडलं असतं? एका माणसाचं मन. याद्या करणारे, दारावर थाप मारणारे, रेल्वेचं वेळापत्रक आखणारे, खड्ड्याच्या काठावर उभे राहून गोळी घालणारे लाखो लोक होते. त्यांतला प्रत्येक जण काही लिंट्सच्या दवाखान्यातून आला नव्हता. मुलाचा प्रश्न या सगळ्यांबद्दल आहे.

‘त्यांच्यावरच का’ याचं उत्तर लांब आहे, रात्री लिहितो.

पाटीपेन्सिल

वाचतेय. एक शंका: ज्यूंच्या हातात सगळी सावकारी, बँका, पेपर होते, त्यामुळे लोकांच्या मनात खदखद होती, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. यात काहीच तथ्य नाही का?

तळेकाठ

पाटीपेन्सिल, तुमची शंका उत्तराच्या गाभ्यापाशी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मध्ययुगीन युरोपात बहुतेक ठिकाणी ज्यू हा ख्रिस्ती गावातला एकमेव ‘दुसरा’ होता. येशूला यांनीच मारलं, हा आरोप प्रवचनांतून पिढ्यान् पिढ्या ऐकवला गेला. जमीन घ्यायची बहुतेक ठिकाणी मुभा नव्हती. सुतार, विणकर, सोनार यांचे व्यवसायसंघ ज्यूंना आत घेत नसत. चर्चने ख्रिस्ती माणसाला व्याज घेणं पाप ठरवलं होतं, आणि राजेरजवाड्यांना कर्ज तर हवंच असायचं. ते काम ज्यूंकडे आलं. म्हणजे सगळी दारं बंद करून एकच उघडं ठेवायचं, आणि त्या दारातून गेला म्हणून त्याच्यावर थुंकायचं. तरी सावकार मूठभरच. बाकीचे फेरीवाले, जुने कपडे विकणारे, शिंपी.

१०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी जेरुसलेम गाठण्याआधी ऱ्हाईनकाठच्या वर्म्स आणि माइन्त्स गावांतल्या ज्यूंची कत्तल केली. १२१५ मध्ये चर्चच्या परिषदेने ज्यूंनी वेगळे कपडे घालावेत असा नियम केला. १३४८-४९ मध्ये प्लेग आला तेव्हा ‘ज्यूंनी विहिरींत विष टाकलं’ अशी आवई उठली आणि स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं. इंग्लंडने १२९० मध्ये हाकललं, स्पेनने १४९२ मध्ये. मार्टिन लूथरने १५४३ मध्ये त्यांची प्रार्थनामंदिरं जाळा असं छापून लिहिलं. लूथर म्हणजे जर्मन भाषेचा आणि धर्माचा केवढा मोठा माणूस! त्याच्या शब्दाचं वजन त्या समाजात किती असेल याचा अंदाज करा.

तरी हा सगळा द्वेष धर्माचा होता, आणि त्यात एक फट होती. बाप्तिस्मा घेतला की, निदान कागदावर, सुटका व्हायची.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी एकत्र घडल्या. १८७१ मध्ये जर्मनी एक राष्ट्र झालं आणि ज्यूंना पूर्ण नागरिकत्व मिळालं. ते शिकले, शहरांत आले. सरकारी नोकरीत, सैन्याच्या वरच्या हुद्द्यांवर, विद्यापीठांच्या प्राध्यापकपदांवर त्यांना सहजी घेत नसत, म्हणून वकिली, डॉक्टरी, पत्रकारिता, व्यापार इकडे वळले. त्यामुळे तिथे ते नजरेत भरू लागले. आणि त्याच सुमारास ‘वंश’ नावाचं नवं खोटं शास्त्र फोफावलं. विल्हेल्म मार नावाच्या पत्रकाराने १८७९ मध्ये ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द रूढ केला. त्यामागची कल्पना अशी, की आमचं वैर ज्यू धर्माशी नाही, ज्यू रक्ताशी आहे. धर्म बदलता येतो. रक्त कसं बदलणार? ती फट बुजली.

एकदा माणसाचा दोष त्याच्या रक्तात आहे असं ठरवलं, की तान्हं मूलही दोषी ठरतं. जुनी_वही, तुमच्या मुलाने लहान मुलांबद्दल विचारलं ना, त्याचं उत्तर इथे सुरू होतं.

मांडवी

तळेकाठ सर, त्या ‘फटी’बद्दल गोव्यातून एक भर घालते. ती आधीही कधी कधी बुजत होती. पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं, पण त्या ‘नवख्रिस्तीं’च्या रक्तावरचा संशय काही गेला नाही. गार्सिया द ओर्ता हे त्यातलेच. गोव्यात राहून त्यांनी इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. ते १५६८ मध्ये वारले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या बहिणीला, कातारीनाला, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाळलं. १५८० मध्ये ओर्तांची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. जुन्या गोव्यातून जाताना मला ही हाडांची गोष्ट दर वेळी आठवते.

कृष्णाकाठी

पाटीपेन्सिल ताई, पैशाच्या मुद्द्यावर मला थोडं सांगायचंय. १९३३ मध्ये जर्मनीत ज्यू साधारण सव्वापाच लाख होते. लोकसंख्येच्या एक टक्काही नाही! आणि जे साठ लाख मारले गेले त्यांतले जवळजवळ निम्मे, म्हणजे तीस लाख, पोलंडचे होते. तिथल्या छोट्या गावांतले शिंपी, चांभार, हमाल, सुईदोरा विकणारे. दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असलेली माणसं. श्रीमंतीचा राग हे कारण असतं, तर त्या चांभाराच्या पोरांना मारायचं काय कारण होतं?

आणखी एक. नाझींच्या पत्रकांत ज्यू एका पानावर भांडवलदार असायचा, दुसऱ्या पानावर कम्युनिस्ट. तो बँकाही चालवतो आणि बँका लुटणारी क्रांतीही करतो! दोन्ही एकदम खरं असणं शक्य नाही. पण ज्याची नोकरी गेली त्याला पहिलं पान पटायचं आणि ज्याला नोकरी जायची भीती होती त्याला दुसरं. ज्यूंचं जगभर गुप्त कारस्थान असल्याचं ‘सिद्ध’ करणारं एक रशियन पुस्तक तेव्हा सगळीकडे फिरत होतं. ते बनावट असल्याचं लंडनच्या टाइम्सने १९२१ मध्येच उघड केलं होतं. तरी नाझींनी ते वाटलंच.

रानवारा

डॉक्टरची गोष्ट इतकी वर्षं मीच लोकांना सांगत होतो. आता नाही सांगणार.

पण व्हर्सायच्या तहाचं काय? तो तह अन्यायाचा होता, जर्मनीला नागवलं होतं. तो नसता तर हिटलर आला नसता असं वाटतं.

कृष्णाकाठी

तहाने राग दिला हे खरंच, रानवारा. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. लोकांची आयुष्यभराची पुंजी पावाच्या लादीइतकी उरली नाही. पण बघा, त्या महागाईनंतर, १९२८ च्या मे महिन्यात नाझींना मतं किती पडली? २.६ टक्के. मग जागतिक मंदी आली. १९३० मध्ये १८.३ टक्के, आणि ६० लाखांच्या आसपास लोक बेकार असताना, १९३२ च्या जुलैत ३७.३ टक्के. म्हणजे तह होता, अपमान होता, तरी चांगल्या दिवसांत लोक त्याला विचारत नव्हते. यांतल्या अनेकांनी मत भाकरीसाठी दिलं, कम्युनिस्टांच्या भीतीने दिलं. पण ज्यूद्वेष त्या पक्षाने लपवला नव्हता. १९२० च्या पक्षकार्यक्रमातच लिहिलं होतं की ज्यू हा जर्मन नागरिक होऊ शकत नाही. मत देणाऱ्यांनी ते वाचलं होतं आणि ‘चालेल’ म्हटलं होतं. मला तो ‘चालेल’ फार महत्त्वाचा वाटतो.

आणि हरण्याबद्दल. १९१८ च्या सप्टेंबरअखेर युद्ध थांबवा म्हणून सरकारच्या मागे लागले ते खुद्द सेनापती, लुडेनडॉर्फ. सैन्य मोडकळीला आलं होतं. पण पुढच्याच वर्षी त्यांचे वरिष्ठ, सरसेनापती हिंडेनबुर्ग, संसदेच्या चौकशीसमितीपुढे म्हणाले की सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. खुपसला कोणी? बोट वळलं समाजवाद्यांकडे आणि ज्यूंकडे. त्या युद्धात सुमारे एक लाख जर्मन ज्यू लढले होते, १२ हजार कामी आले होते. १९१६ मध्येच सैन्याने ‘ज्यू आघाडीवर जायचं टाळतात का’ याची गणती केली होती. तिचे आकडे युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवले, संशय तेवढा मोकळा सोडला.

नारळी_पोफळी

मी सहसा लिहीत नाही, नुसती वाचते. धाग्याचं शीर्षक पाहून राहवलं नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. अलिबागजवळच्या नवगावला आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं असं आम्ही मानतो. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने नाव दिलं शनिवार तेली. माझी आजी नऊवारी नेसायची, मराठीतच ओव्या म्हणायची. कोकणात आमच्या घरावर ज्यू म्हणून कधी कोणी दगड टाकला नाही, आणि हे मी परदेशात गेले की अभिमानाने सांगते.

पण ‘तुमच्या लोकांनी असं काय केलं होतं हो?’ हा प्रश्न मला आयुष्यात कितीतरी वेळा विचारला गेलाय. ऑफिसात, लग्नात पंगतीला, एकदा आगगाडीत. विचारणारे सगळे भले लोक. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. तरी दर वेळी घास घशात अडकतो. माझ्या घरात चोरी झाली आणि लोक मला विचारायला लागले की तू चोराचं काय बिघडवलं होतंस, तर मी काय उत्तर देऊ?

जुनी_वही, तुमच्या मुलाचा मला राग नाही. त्याने ‘उगाच कोणी मारेल का’ असं विचारलं, कारण त्याला जग न्यायाचं वाटतं. त्या वयात वाटावंच. त्याला एवढं सांगा, की ज्यूंचा इतिहास कितीही चाळला तरी कारण तिथे सापडायचं नाही. ते मारणाऱ्यांच्या घरात शोधावं लागेल.

जुनी_वही

नारळी_पोफळी ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शीर्षक बदलावं असं आधी वाटलं. मग ठेवलं, कारण माझ्यासारखे हाच प्रश्न घेऊन येणारे खाली तुमच्यापर्यंत तरी पोचतील. तुमची हरकत असेल तर सांगा, लगेच बदलते.

नारळी_पोफळी

राहू द्या.

तळेकाठ

आता दुसरा अर्धा प्रश्न: दुकानं फोडण्यापासून मुलांना गाडीत भरण्यापर्यंत गोष्ट गेली कशी?

हिटलरच्या मनात ज्यूंना ‘दूर करायचं’ हे फार आधीपासून होतं. १६ सप्टेंबर १९१९ च्या एका पत्रात त्याने लिहिलंय की नुसत्या भावनेच्या भरातल्या दंगली उपयोगाच्या नाहीत, कायद्याच्या वाटेने पद्धतशीर जायचं आणि शेवटी ज्यूंना पूर्णपणे हटवायचं. तेव्हा तो तीस वर्षांचा, कोणाला माहीत नसलेला सैनिक होता. ‘हटवणं’ म्हणजे त्या दिवशीच त्याच्या डोळ्यांपुढे विषारी वायूच्या खोल्या होत्या का, यावर इतिहासकारांनी बराच वाद घातलाय. मला स्वतःला वाटतं, ध्येय पक्कं होतं आणि मार्ग पायरीपायरीने सापडत गेला. दर पायरीवर ते पाहत होते, कोणी अडवतं का.

३० जानेवारी १९३३ ला तो चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला. १ एप्रिलला ज्यू दुकानांवर बहिष्कार. ७ एप्रिलला सरकारी नोकरीतून ज्यूंना काढणारा कायदा. तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या हिंडेनबुर्ग यांच्या आग्रहाखातर महायुद्धात लढलेल्यांना त्यातून वगळलं होतं, १९३५ मध्ये तेही गेलं. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला न्यूरेंबर्गचे कायदे आले: नागरिकत्व काढलं, ज्यू आणि जर्मन यांची लग्नं गुन्हा ठरली. आता ज्यू कोण हे ठरवायचं कसं? रक्त तपासून तर कळेना. म्हणून आजी-आजोबा ज्यू धर्मसमाजाचे होते का हे नोंदवह्यांत पाहायचं. ज्यांचे तीन किंवा चारही, ते ज्यू. वंशाचं एवढं अवडंबर माजवलं आणि शेवटी पुरावा म्हणून हाती घेतली ती धर्माचीच वही. त्या ‘शास्त्रा’चं खोटेपण त्यांच्याच कायद्यात लिहिलेलं आहे.

१९३८ च्या जुलैत फ्रान्समधल्या एव्हियांला ३२ देश जमले. निर्वासितांबद्दल हळहळ सगळ्यांनी दाखवली, दार जवळजवळ कोणीच उघडलं नाही. नाझींनी ते नीट पाहून ठेवलं. ९ नोव्हेंबरच्या रात्री देशभर प्रार्थनामंदिरं जाळली, हजारो दुकानं फोडली, सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना डाखाऊ, बुखेनवाल्ड, झाक्सेनहाउझेनच्या छळछावण्यांत नेलं. वर ज्यू समाजालाच एक अब्ज मार्क दंड.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि गणित उलटलं. तोवर धोरण होतं, छळा म्हणजे निघून जातील. पोलंड घेतल्यावर आणखी वीस लाखांच्या आसपास ज्यू त्यांच्या ताब्यात आले आणि जायला जागाच उरली नाही. त्यांना कोंडवाड्यांत टाकलं. वॉर्सातल्या कोंडवाड्यात चार लाखांवर माणसं, उपासमार आणि प्रलापक ज्वर. मग २२ जून १९४१ ला रशियावर स्वारी. सैन्यामागोमाग खास मारेकरी पथकं गेली. आधी पुरुष, उन्हाळा संपता संपता बायका आणि मुलंही. कीव्हजवळ बाबी यारच्या घळीत २९ आणि ३० सप्टेंबरला ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. हा आकडा मारणाऱ्यांच्याच अहवालातला आहे.

विषारी वायूचा प्रयोग त्याआधी जर्मनांवरच झाला होता. अपंग आणि मनोरुग्णांना ‘जगण्यास अपात्र’ ठरवून १९४१ च्या ऑगस्टपर्यंत सुमारे ७० हजार जणांना वायूने मारलं. बिशप फॉन गालेन यांनी त्या महिन्यात प्रवचनातून उघड निषेध केला, कुजबुज वाढली, आणि वायूची ती केंद्रं बंद करावी लागली. छुप्या हत्या मात्र चालूच राहिल्या. त्या केंद्रांतली माणसं पुढे बेल्झेत्स, सोबिबोर आणि ट्रेब्लिंका या मृत्युछावण्या चालवायला गेली. २० जानेवारी १९४२ ला वान्झे तळ्याकाठच्या बंगल्यात १५ अधिकारी बसले. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांकडे डॉक्टरेट होती. मारायचं की नाही यावर तिथे खल झालाच नाही, ते आधीच ठरलेलं होतं. कोणत्या खात्याने काय करायचं, एवढंच बोलणं झालं. यादीत युरोपभरचे एक कोटी दहा लाख ज्यू होते.

स्प्रीकाठ

मी अकरा वर्षं बर्लिनला आहे. तळेकाठ सरांनी वरच्या लोकांबद्दल लिहिलं, मला खालच्यांबद्दल लिहायचंय.

इथे फुटपाथवर, घरांच्या दारासमोर पितळेचे छोटे चौकोन बसवलेले असतात. तळहाताएवढे. ‘इथे राहत होती’ आणि खाली नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. आमच्या इमारतीच्या दारात चार आहेत. आई, वडील, दोन मुली. धाकटीचं जन्मसाल १९३६. रोज कामावर जाताना मी त्यांच्यावरून पाय चुकवून जातो.

पहिल्या वर्षी मला वाटायचं, रात्री काळोखात नेलं असेल, कोणाला कळलं नसेल. तसं नव्हतं. माणसं बॅगा घेऊन, कोटावर ज्यूंना सक्तीची केलेली पिवळी चांदणी लावून, दिवसाढवळ्या रस्त्याने गेली. घराला सील लागलं. मग सामानाचा लिलाव. पलंग, पडदे, मुलांचे बूट, शिवणयंत्र. शेजारपाजारचे लोक लिलावाला आले आणि घेऊन गेले. ज्याने स्वस्तात कपाट घेतलं, त्याला आता त्या कपाटाचा मालक परत यायला नको होता. ज्या डॉक्टरच्या शेजारचा ज्यू डॉक्टर गेला, त्याचे रुग्ण वाढले. सगळे काही कट्टर नव्हते. पण प्रत्येकाचं थोडं थोडं भलं होत होतं. ‘का’ विचाराल तर मला हेही कारण वाटतं, आणि ते लहान नाही.

जर्मन रेल्वेने या गाड्यांचं भाडं लावलं होतं. किलोमीटरमागे ४ फेनिग (शंभर फेनिगचा एक मार्क). मुलांना अर्धं, चार वर्षांखालच्यांना फुकट. एवढं ठरवायला कुठल्यातरी कचेरीत कोणीतरी बसलं असेल, कागद टाइप केला असेल, सही केली असेल.

पाटीपेन्सिल

भाड्याचं वाचून सुन्न झाले. पण नकार दिला असता तर त्या माणसांनाच मारलं असतं ना? हुकूमशाही होती.

स्प्रीकाठ

हे मीही धरून चाललो होतो. १३ जुलै १९४२ ची पोलंडमधल्या युझेफुफ गावची नोंद आहे. हाम्बुर्गहून आलेली राखीव पोलिसांची तुकडी, बहुतेक मध्यमवयीन, बायकापोरं असलेले. त्यांचा मेजर सकाळी रडवेला होऊन म्हणाला, ज्याला हे काम झेपणार नाही त्याने पुढे यावं. पाचशेच्या आसपास पोलिसांतले डझनभर पुढे आले. त्यांना काहीही झालं नाही. उरलेल्यांनी त्या दिवशी सुमारे १५०० ज्यू मारले. युद्धानंतरच्या खटल्यांत आरोपींचे वकील शोधून थकले, पण नि:शस्त्र माणसांना मारायला नकार दिला म्हणून देहदंड झाल्याचं एकही उदाहरण त्यांना दाखवता आलं नाही.

आणि १९४३ च्या फेब्रुवारीअखेर इथे बर्लिनमध्ये रोझनश्ट्रासं या गल्लीत, पकडलेल्या ज्यू नवऱ्यांसाठी त्यांच्या जर्मन बायका दिवसचे दिवस उभ्या राहिल्या. थंडीत. जवळजवळ सगळे नवरे सुटून घरी आले. डेन्मार्कमध्ये त्याच वर्षी ऑक्टोबरात लोकांनी सात हजारांवर ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवलं.

मध्यरात्र

एवढं लिहिताय, पण त्याच १९४३ मध्ये बंगालमध्ये तीस लाख माणसं उपाशी मेली. त्यांचे पितळी चौकोन कुठे आहेत? आपण आपलं आधी बघावं.

कृष्णाकाठी

मध्यरात्र, बंगालवर धागा काढा, मी मनापासून लिहीन. त्यात ब्रिटिश सरकारचा दोष आहेच आणि तो दुष्काळ आपण विसरलोय हेही खरं. पण एक दुःख सांगताना दुसऱ्याला गप्प बसवायची गरज नाही. इथे वेगळी गोष्ट चाललीय: एका समाजातलं शेवटचं मूलही जगू नये म्हणून एक सरकार बेटाबेटांवर जाऊन माणसं शोधत होतं. ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावरून १९४४ मध्ये, युद्ध हरत आलेलं असताना, तिथल्या ज्यूंना बोटीत घालून मग गाडीने आउशविट्झच्या मृत्युछावणीत नेलं.

रानवारा

अवांतर: कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश लोकांची छावणी होती, ती याच ज्यूंची का?

तळेकाठ

नाही. वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, ते बहुतेक कॅथलिक. त्यांना स्टालिनच्या राजवटीने सैबेरियाकडे हद्दपार केलं होतं. तिथून सुटून ते इराणमार्गे इकडे आले. हिटलरपासून पळालेले ज्यू मुंबईत आले, पण संख्येने थोडे. वॉल्टर कॉफमन त्यांतलेच, आकाशवाणीची सकाळची धून त्यांच्या नावावर आहे.

आपल्याकडचा एक सल मात्र बोलून दाखवतो. पुण्यात फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र मराठीत मिळतं, आणि ‘देशाला एक हिटलरच पाहिजे’ असं चांगली शिकलेली माणसं माझ्यासमोर म्हणाली आहेत. माझ्या वर्गातली मुलं कडक मास्तरांना हिटलर म्हणायची. मी दर वेळी खडू खाली ठेवायचो आणि बाबी यारचं सांगायचो. पुढे तो शब्द माझ्या वर्गात बंद झाला.

जुनी_वही

काल रविवार झाला. तुमचे प्रतिसाद छापून घेतले होते. आधी नारळी_पोफळी ताईंचा वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग बाकीचं मी माझ्या शब्दांत सांगितलं: जुना द्वेष, मग रक्ताचं खोटं शास्त्र, मग हरलेल्या युद्धाचं खापर, मग ते सगळं कायद्यात आणि वहीत उतरवणारं सरकार, आणि ज्यांचं थोडं थोडं भलं होत होतं ते शेजारी. रेल्वेच्या भाड्याचं सांगावं की नाही ठरेना. सांगितलं.

त्याने एकच विचारलं. हरतोय हे कळल्यावर तरी थांबले का?

ऱ्होड्सचं सांगितलं, पण ते १९४४ चं. अगदी शेवटच्या दिवसांबद्दल मला सांगता आलं नाही. स्प्रीकाठ, तुम्हाला माहीत असेल तर लिहाल का?

स्प्रीकाठ

बर्लिनच्या पश्चिमेला ग्रूनवाल्ड स्टेशन आहे. तिथला सतरा नंबरचा फलाट आता वापरात नाही. रुळांच्या कडेने १८६ पोलादी पट्ट्या जमिनीत बसवल्यात, दर गाडीसाठी एक. तारीख, किती ज्यू, कुठे नेलं, एवढंच लिहिलेलं. पहिली १८ ऑक्टोबर १९४१ ची, पोलंडमधल्या वुड्झला गेलेली, हजाराहून जास्त माणसं. मी गेल्या हिवाळ्यात शेवटपर्यंत चालत गेलो. मधल्या काही पट्ट्यांवर शंभर, काहींवर पन्नास.

शेवटची २७ मार्च १९४५ ची आहे. तेव्हा रशियन सैन्य ओडर नदीवर आलं होतं, बर्लिनपासून सत्तरएक किलोमीटरवर. शरणागतीला सहा आठवडे राहिले होते. त्या पट्टीवर लिहिलंय: १८ ज्यू, बर्लिन ते थेरेझिनश्टाट.